उसने घेतलेले नाव

१९९०च्या दशकाच्या मध्याला पीटर ग्रेव्ह्‌स या ज्येष्ठ अमेरिकन नटाकडे एक प्रस्ताव आला. ज्या भूमिकेमुळे घरोघरच्या प्रेक्षकांना त्यांचा चेहरा परिचयाचा झाला होता, तीच भूमिका त्यांनी आता मोठ्या पडद्यावर करावी, असा तो प्रस्ताव होता. सत्तरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कलावंताला याहून आनंदाची गोष्ट ती कोणती? परंतु पटकथेत आपल्या वाट्याला काय आले आहे हे कळल्यावर त्यांनी नकार दिला. जिम फेल्प्स हा त्यांचा नायक या चित्रपटात देशद्रोही निघणार होता. आपल्याच सहकाऱ्यांना ठार मारून, त्यांची गुपिते विकून तो पैसे मिळवणार होता. ग्रेव्ह्‌स यांनी नकार दिला तरी चित्रपट थांबला नाही. भूमिका जॉन व्हॉइट यांच्याकडे गेली, आणि २२ मे १९९६ रोजी 'मिशन : इम्पॉसिबल' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला.

वरवर पाहता ही चित्रपटसृष्टीतील एक साधी घटना आहे. एका नटाने भूमिका नाकारली, दुसऱ्याने स्वीकारली. तथापि तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मला अनेक वर्षे सोडायला तयार नाही. जो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता, त्याची बदनामी होऊ शकते का? आणि होत असेल, तर अन्याय नेमका कोणावर होतो?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मूळ मालिकेविषयी थोडे सांगायला हवे. ब्रूस गेलर या लेखक-निर्मात्याने ती रचली. 'तोपकापी' हा १९६४ सालचा जूल्स दासाँचा चित्रपट पाहून त्याला तिची कल्पना सुचली. त्या चित्रपटात काही निष्णात माणसे एकत्र येऊन इस्तंबूलच्या संग्रहालयातून रत्नजडित खंजीर चोरतात. गेलरने विचार केला, अशीच माणसे चोरीऐवजी देशाच्या कामाला लावली तर? १७ सप्टेंबर १९६६ रोजी सीबीएस वाहिनीवर पहिला भाग दाखवला गेला आणि १९७३पर्यंत सात पर्वांत मिळून १७१ भाग झाले. लालो शिफ्रिन या अर्जेंटिनात जन्मलेल्या संगीतकाराने पाच मात्रांच्या चालीत बांधलेली तिची सुरावट ज्यांनी मालिका कधीच पाहिली नाही त्यांच्याही कानात असते.

प्रत्येक भागाची सुरुवात ठरलेली असे. नायक एखाद्या निर्जन ठिकाणी जातो, तेथे ठेवलेली ध्वनिफीत ऐकतो. तीत कामगिरी सांगितलेली असते आणि शेवटी एक इशारा असतो : तू किंवा तुझा कोणी सहकारी पकडला गेला वा मारला गेला, तर शासन तुम्हांला ओळखही दाखवणार नाही. मग ती फीत धूर सोडत आपोआप नष्ट होते. लहान मुलांना त्या धुराचे कौतुक वाटे. त्या इशाऱ्यातील क्रौर्याकडे मोठ्यांचेही फारसे लक्ष जात नसे. ज्याच्यासाठी प्राण पणाला लावायचे तोच उद्या 'हा माझा कोणी नव्हे' असे म्हणणार, हे आधीच ठरलेले. आणि तरीही तो माणूस काम स्वीकारतो.

गेलरचा आणखी एक नियम होता. आपल्या हेरांचे खाजगी आयुष्य पडद्यावर दाखवायचे नाही. त्यांची लग्ने, त्यांची भांडणे, त्यांचे आजारपण, त्यांच्या आईवडिलांची चिंता यांतले काहीही नाही. फेल्प्सला घर होते, पण तेथे तो छायाचित्रे चाळून सहकारी निवडण्यापलीकडे काही करत नसे. माणसांची ही रिकामी जागा मालिकेचे बलस्थान होती, कारण प्रेक्षकाचे सारे लक्ष युक्तीवर राही. पुढे तीच तिची दुबळी बाजू ठरली. रिकाम्या जागेत कोणीही काहीही आणून ठेवू शकतो.

फेल्प्स हा या पथकाचा पहिला नायक नव्हे, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या पर्वात डॅन ब्रिग्ज नावाचा प्रमुख होता आणि ती भूमिका स्टीव्हन हिल हा गुणी नट करीत असे. हिल हे सनातनी यहुदी. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो आणि त्यानंतर ते कॅमेऱ्यासमोर उभे राहत नसत. दूरचित्रवाणीच्या कामात शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आठवड्याची उरलेली कामे कशीबशी संपवण्याची वेळ. दिवे लावलेले, सेट उभा, शंभर माणसे तिष्ठत आहेत आणि नायक घड्याळाकडे पाहून घरी निघाला आहे, हे चित्र निर्मात्यांच्या दृष्टीने किती महाग असेल याची कल्पना करावी. काही अन्य मतभेदही झाले. पहिले पर्व संपल्यावर हिल यांच्याशी केलेला करार पुढे चालवला गेला नाही. कथेत ब्रिग्जचे काय झाले याचा एका शब्दानेही खुलासा झाला नाही. दुसऱ्या पर्वात फीत ऐकायला फेल्प्स आला, एवढेच. हिल यांनी त्यानंतर सुमारे दहा वर्षे अभिनयच सोडला. पुढे 'लॉ अँड ऑर्डर' या मालिकेतील सरकारी वकिलाच्या भूमिकेमुळे ते नव्या पिढीला पुन्हा माहीत झाले.

ग्रेव्ह्‌स यांनी ती रिकामी झालेली खुर्ची १९६७ साली घेतली. सहा पर्वे त्यांनी ती सांभाळली. १९८८ साली अमेरिकेत पटकथालेखकांचा संप झाला, तेव्हा नवीन लिखाणाअभावी जुन्याच पटकथा हाताशी धरून मालिकेचे पुनरुज्जीवन करण्यात आले आणि खर्च वाचावा म्हणून चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झाले. त्यातही फेल्प्स म्हणून ग्रेव्ह्‌सच होते. आणखी दोन पर्वे झाली. जुन्या संचातील ग्रेग मॉरिस यांचा मुलगा फिल याने त्यात मालिकेतीलही मुलाचीच भूमिका केली. असा हा एक प्रकारचा घरोबाच झाला होता.

आता चित्रपटाकडे येऊ. मालिकेचे हक्क पॅरामाउंट या चित्रसंस्थेकडे होते. गेलर १९७८ सालीच विमान अपघातात गेला होता, त्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. टॉम क्रूझ हा लहानपणी या मालिकेचा चाहता होता. त्याने पॉला वॅग्नर यांच्यासह स्वतःची निर्मितिसंस्था काढली तेव्हा पहिले काम म्हणून हेच निवडले. प्रथम सिडनी पोलक दिग्दर्शन करणार होते. शेवटी ब्रायन डी पाल्मा आले. पटकथेवर अनेक हात फिरले. कथा डेव्हिड केप आणि स्टीव्हन झेलियन यांची, पटकथा केप आणि रॉबर्ट टाउन यांची, असे श्रेयनामावलीत आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण सुरू झाल्यावरही लेखन चालूच होते. डी पाल्मा यांनी थरारक प्रसंग आधी रचले आणि ते जोडणारी गोष्ट नंतर बेतली गेली. घर बांधताना आधी खिडक्या उभ्या करून मग भिंतींची चिंता करावी, तसा हा प्रकार.

त्या खिडक्या मात्र देखण्या होत्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. लँग्ली येथील गुप्तचर कार्यालयाच्या तिजोरीसारख्या खोलीत ईथन हंट दोरीला लोंबकळत उतरतो तो प्रसंग आठवा. जमिनीला स्पर्श झाला, तापमान थोडे वाढले किंवा आवाज झाला तर धोक्याची घंटा वाजणार. त्या संपूर्ण प्रसंगात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. चित्रीकरणाच्या वेळी जमिनीपासून काही इंचांवर आडवे तरंगत राहणे क्रूझला जमेना. तोल जाऊन दर खेपेस त्याचे डोके जमिनीवर आपटे. तेव्हा त्याने बुटांत ब्रिटिश पौंडांची नाणी भरली आणि पायांकडे वजन वाढवून तोल साधला. कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटाचा तोल मूठभर नाण्यांनी सावरावा, यात मला एक मौज वाटते. घामाचा एक थेंब चष्म्यावरून ओघळतो आणि तो जमिनीवर पडण्याआधी हातमोज्यावर झेलला जातो, तेव्हा सारे नाट्यगृह श्वास रोखून असते. 'तोपकापी'चे ऋण येथे तीस वर्षांनी पुन्हा फेडले गेले.

पण अशा प्रसंगांच्या माळेला एक गाठ लागते. गोष्टीच्या शेवटी प्रेक्षकाला धक्का बसला पाहिजे. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. हेरकथांना लागणारा शत्रू तयार मिळेनासा झाला. बाहेर शत्रू नाही म्हटल्यावर तो घरात शोधावा लागतो. घरातही असा शोधावा की ज्याच्यावर कोणाचा संशय जाणार नाही. संशयातीत कोण? जिम फेल्प्स. लेखकांच्या तर्कात चूक काढता येत नाही.

चित्रपटाच्या आरंभी फेल्प्स विमानात बसलेला दिसतो. हवाईसेविका त्याला एक चित्रफीत आणून देते, तो ती पाहतो आणि फितीचा धूर लपावा म्हणून सिगारेट पेटवतो. जुन्या प्रेक्षकाला घरी आल्यासारखे वाटते. त्यानंतर प्रागमध्ये कामगिरी फसते. एकामागून एक सहकारी मारले जातात. फेल्प्सही गोळी लागून नदीत कोसळताना दिसतो. हंट एकटा उरतो आणि घरभेदी तोच, असा संशय त्याच्यावर येतो. वस्तुतः फेल्प्सनेच हे सारे घडवून आणलेले असते.

त्याचे बिंग ज्या वस्तूमुळे फुटते ती या नियतकालिकाच्या वाचकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. ती वस्तू म्हणजे बायबलची एक प्रत. गुपिते विकणारा अज्ञात माणूस पत्रव्यवहारात 'ईयोब' हे सांकेतिक नाव वापरत असतो. त्यापुढे तिसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीचा क्रमांक. हंटला या नावाचा उलगडा प्रागमधील गुप्त निवासात पडलेल्या बायबलमुळे होतो. नंतर त्याच प्रतीवर शिकागोच्या ड्रेक हॉटेलचा शिक्का त्याला दिसतो. गिडियन मंडळी हॉटेलांच्या खोल्यांत बायबल ठेवतात, त्यांपैकी ती एक. आणि मागच्या कामगिरीच्या वेळी ड्रेक हॉटेलात उतरला होता तो फेल्प्स! हॉटेलातून पवित्र ग्रंथ उचलून आणणे हा त्याच्या पापांतील सर्वांत किरकोळ भाग. पण पकडला गेला तो तेवढ्यावरून.

ईयोबाचे नाव येथे कोणी, कोणत्या हेतूने निवडले हे मला सांगता येणार नाही. परंतु ज्याने सर्वस्व गमावूनही आपला सच्चेपणा सोडला नाही, त्याचे नाव सच्चेपणा विकणाऱ्याने घ्यावे हा उपरोध विलक्षण आहे. त्या तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि भग्न वास्तू उभारणाऱ्या राजांच्या व मंत्र्यांच्या शेजारी आपणही आतापर्यंत शांत झोपी गेलो असतो, असे म्हणतो. सत्तेची सेवा करून थकलेल्या म्हाताऱ्या हेराला ती ओवी जवळची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर फेल्प्स जिवंत होऊन हंटसमोर येतो. खरा द्रोही किट्रिज हा वरिष्ठ अधिकारी आहे, असे तो सांगतो. हंट मान डोलावत 'किट्रिजने असे केले असेल, तसे केले असेल' असे बोलत राहतो. आणि त्याच वेळी त्याच्या मनात जे चित्र उमटते ते पडद्यावर दिसते. त्या चित्रात प्रत्येक खून फेल्प्स करतो आहे. ओठांवर एक नाव आणि डोळ्यांपुढे दुसरे. गुरूविषयीचा विश्वास ढासळतानाची ती दोन-तीन मिनिटे अख्ख्या चित्रपटात मला सर्वांत खरी वाटली. कागदावर हे साधता आले नसते. चित्रपट या माध्यमालाच ते शक्य आहे.

द्रोहाचे कारण काय, तर त्याच संभाषणात फेल्प्स ते किट्रिजच्या नावावर खपवून सांगतो. शीतयुद्ध संपले, गुपिते संपली. एके दिवशी जाग येते आणि कळते की राष्ट्राध्यक्ष आपल्याला न विचारता देश चालवतो आहे. आपण जुनाट यंत्र झालो आहोत. मोडकळीला आलेला संसार आणि वर्षाला बासष्ट हजार डॉलर एवढेच पदरी उरले आहे. निवृत्तीच्या वाटेवरील कित्येक प्रामाणिक माणसांच्या मनात ही कडू ओळ कधी ना कधी उमटून गेली असेल. येथे एक मोठी गोष्ट दाराशी आली होती. पण चित्रपटाने तिला आत घेतले नाही. अर्ध्या मिनिटात ती बोलून झाली आणि मग आगगाडी, बोगदा, हेलिकॉप्टर.

चित्रपटाचा खर्च सुमारे आठ कोटी डॉलर होता आणि जगभर त्याने पंचेचाळीस कोटींहून अधिक मिळवले. जुन्या कलावंतांच्या प्रतिक्रिया मात्र कडवट होत्या. ग्रेग मॉरिस चित्रपट पाहायला गेले आणि अर्ध्यावरून उठून निघून आले, असे वृत्त तेव्हा आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. मार्टिन लँडाऊ यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की आधीच्या एका मसुद्यात जुन्या संचाला एकेक करून संपवण्याचा बेत होता आणि त्यांना तो मुळीच रुचला नव्हता. कोणाला कळू न देता आत जाऊन बाहेर पडणे हे त्या मालिकेचे मर्म होते, असे त्यांचे म्हणणे. ग्रेव्ह्‌स यांची तक्रार सर्वांत सौम्य. त्या माणसाला फेल्प्स हे नाव द्यायला नको होते, एवढेच ते म्हणाले. आपली निवृत्ती कळवणारी एखादी तार सुरुवातीला वाचून दाखवली असती तरी भागले असते, असे त्यांनी सुचवले होते.

आरंभी मी सर्वस्वी ग्रेव्ह्‌स यांच्या बाजूचा होतो. याला एक खाजगी कारण आहे आणि ते लपवणे बरे नव्हे. तरुणपणी आमच्या धर्मग्रामाच्या सणाला मी एक एकांकिका लिहिली. गावात पूर्वी एका वडीलधाऱ्या लेखकाची नाटके होत. त्यांत एक शाळामास्तर असे, दर नाटकात तोच, गरीब, तिरसट आणि निर्मळ मनाचा. मूळ लेखक निवर्तला होता. मी तो मास्तर उचलला आणि शेवटच्या प्रवेशात देवळाच्या पेटीतला पैसा त्यानेच चोरला असे दाखवले. लोक चकित झाले, टाळ्या पडल्या. ज्यांनी ती भूमिका वीसेक वर्षे केली होती ते गृहस्थ पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर ते मला भेटले. रागावले नाहीत. "बाळा, मास्तर तसा नव्हता रे," एवढेच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. मी मनात म्हटले, मास्तर मुळात होताच कुठे? परंतु त्या वाक्याला मला आजतागायत उत्तर सापडलेले नाही.

असो. ग्रेव्ह्‌स यांच्या बाजूने झुकलेल्या माझ्या मताला पुढे दोन आक्षेपांनी हलवले.

पहिला असा की, पात्रांची उलटापालट तर आपण आनंदाने स्वीकारतो. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला न्याय दिला तेव्हा मराठी वाचकाने ती कादंबरी डोक्यावर घेतली. मायकेल मधुसूदन दत्तांनी एकोणिसाव्या शतकातच मेघनादाला काव्यनायक केले होते. मग खलाला उजळणे हा पुनर्विचार आणि सज्जनाला काळवंडणे हा अपराध, असा भेद कोणत्या न्यायाने करायचा? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चांगली माणसे घसरतात. विश्वासघात करणारा बहुधा परका नसतो; तो पंक्तीला बसलेला, आपल्याच ताटात हात घालणारा असतो. बारा जणांतील एकाची कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाने तरी 'आमचा फेल्प्स असे करणारच नाही' असा हट्ट धरू नये. जो नायक कधी पडूच शकत नाही तो नायक नसून मूर्ती आहे आणि मूर्ती भंगल्याचे दुःख आपण किती करायचे?

या आक्षेपांपुढे मी बराच काळ निरुत्तर होतो. मग एके दिवशी शुभवर्तमानांतील एक साधी गोष्ट ध्यानात आली. प्रेषितांची यादी जेथे येते तेथे यहुदा इस्कर्योताचे नाव शेवटी येते आणि पुढे त्याने काय केले हे तेथल्या तेथे सांगून टाकलेले असते. शुभवर्तमानकार वाचकाला चकित करू पाहत नाहीत. यहुदाने शिष्यांना फसवले. शुभवर्तमानकाराने वाचकाला फसवले नाही. त्यामुळे आपण त्या माणसाकडे आरंभापासून धास्तावून पाहतो, त्याच्याविषयी हळहळतो, क्वचित त्याच्यात स्वतःला पाहतो. त्याचे पतन ही आपल्या विचाराची वस्तू होते.

फेल्प्सच्या बाबतीत हे उलटे घडले. धक्का बसावा म्हणून प्रेक्षकाचा विश्वास आवश्यक होता आणि तो विश्वास चित्रपटाने स्वतः मिळवलेला नव्हता. तो ग्रेव्ह्‌स यांनी आठ पर्वांत, शांत आवाजात, पांढऱ्या केसांनिशी, थेंबे थेंबे साठवलेला होता. चित्रपटात त्या नावाऐवजी दुसरे कोणतेही नाव ठेवून पाहा. शेवटचा धक्का निम्म्याने कमी होतो. म्हणजे दुसऱ्याने जमवलेली ठेव काढून ती एका संध्याकाळच्या आतषबाजीत खर्च झाली. फेल्प्सने पथकाच्या विश्वासाचे जे केले, तेच निर्मात्यांनी प्रेक्षकांच्या विश्वासाचे केले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण मला त्यात अतिशयोक्ती दिसत नाही. कर्णाच्या बाबतीत सावंतांनी शेकडो पाने स्वतःच्या श्रमाने भरली. त्यांनी उसने घेतले ते व्याजासह परत केले.

पतन दाखवूच नये असे मी म्हणत नाही. जॉन ल कारे यांच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या १९७४च्या कादंबरीवर बीबीसीने १९७९ साली सात भागांची मालिका केली आणि २०११ साली टोमास आल्फ्रेडसन यांनी चित्रपट केला. त्यातही वरिष्ठ हेरांमध्ये एक घरभेदी आहे. पण चौघांपैकी कोणीतरी एक द्रोही आहे हे प्रेक्षकाला लवकरच सांगितले जाते. चित्रपटाने बदल पुष्कळ केले. कादंबरीतली चेकोस्लोव्हाकियातील फसलेली कामगिरी हंगेरीत नेली, कार्यालयातील नाताळच्या मेजवानीचा एक नवाच प्रसंग घातला. त्या मेजवानीत वृद्ध ल कारे स्वतः पाहुण्यांत उभे आहेत. एका अर्थाने मूळ मालकाची ती हजेरीच. पटकथा लिहिणाऱ्या दांपत्यापैकी ब्रिजेट ओकॉनर चित्रपट पूर्ण होण्याआधीच निवर्तल्या आणि तो त्यांना अर्पण केला गेला. पाच तासांच्या मालिकेचे दोन तासांत रूपांतर करताना त्यांनी कितीतरी गाळले, परंतु द्रोह्याची आणि त्याच्या जिवलग मित्राची नजरानजर गाळली नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या त्या मेजवानीच्या रात्रीकडे चित्रपट पुन्हा पुन्हा परततो आणि दर खेपेस मैत्री आणि कपट यांचा गुंता थोडा अधिक उकलतो. तेथे विश्वासघात दुखतो, कारण त्याआधी स्नेह दाखवलेला आहे. तो त्या चित्रपटाने स्वतः कमावलेला आहे.

तरीही १९९६च्या चित्रपटकर्त्यांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे मला जमत नाही. मूळ मालिकेनेच फेल्प्सला घर दिले नाही, पत्नी दिली नाही, एकही रविवार दिला नाही. त्याला कोणी विचारले नाही की बाबा, तू थकलास का? आणि कामगिरी फसली तर तुला आम्ही ओळखणार नाही, हे दर आठवड्याला त्याला बजावले जात होते. चित्रसंस्थेने शेवटी ते शब्दशः खरे केले.

या मालिकेतून निघालेल्या आठ चित्रपटांपैकी आठवा २०२५ साली आला. पहिल्या चित्रपटातील विल्यम डनलो नावाचा एक साधा कारकून काहींना आठवत असेल. त्या तिजोरीच्या खोलीत काम करणारा. त्याच्या कॉफीत औषध घालतात, तो ओकारीने हैराण होऊन न्हाणीघराकडे धावतो आणि प्रेक्षक हसतात. नंतर शिक्षा म्हणून त्याला अलास्काला धाडण्याचा हुकूम निघतो. प्रेक्षक पुन्हा हसतात. मीही हसलो होतो. त्याचा अपराध काय होता, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही. एकोणतीस वर्षांनी तोच नट, रोल्फ सॅक्सन, पुन्हा बोलावला गेला. डनलो उत्तरेच्या बर्फात राहतो आहे, तेथे त्याला पत्नी मिळाली आहे, हंटविषयी त्याच्या मनात कडवटपणा नाही. त्या दिवशी त्याच्या टेबलावर पडलेला सुरा त्याने इतकी वर्षे जपून ठेवला आहे. उशिरा का होईना, कोणीतरी त्याची विचारपूस केली.

फेल्प्सला तशी भरपाई मिळाली नाही. ग्रेव्ह्‌स मार्च २०१० मध्ये गेले होते. मात्र त्याच आठव्या चित्रपटात उलगडते की हंटचा पाठलाग करणारा एक कठोर अधिकारी हा फेल्प्सचा मुलगा आहे. बापाचे नाव त्याने टाकून दिलेले असते आणि दुसऱ्याच आडनावाने तो नोकरी करत असतो. ते आडनाव आहे ब्रिग्ज. शुक्रवारचा सूर्य मावळू लागला की सेटवरून घरी निघणाऱ्या स्टीव्हन हिल यांनी सर्वांत आधी वठवलेल्या त्या नायकाचे.